पिनकोडाचे गुण

खोटं बोलत असेन तर जीभ झडो! यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला शंका असेल त्याने आत्ताच आपलं घर गाठावं.

तर नारायण पेठेतल्या सुरुचीला संख्याशास्त्रात पीएचडी करायची होती. प्रवेशही मिळाला होता. पण तिच्या वडिलांनी, श्रीधरपंतांनी, पाचर मारली. "रविवारी हडपसरचं स्थळ येतंय. होकार आला तर लग्न, नकार आला तर तुझी पीएचडी." सुरुचीने पोह्यांत मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं.

मुलगा आयटीतला, आमोद नावाचा. आला तो बगलेत लॅपटॉप मारून. पोह्यांचा घास घेतला की टाइप, सुरुचीकडे बघितलं की टाइप. चहा आला तर पठ्ठ्याने खिशातून थर्मामीटर काढून कपात बुडवला!

"साठ अंश," तो म्हणाला. "डेक्कनच्या मुलीकडे तीस होता. तुमचा दुप्पट गरम."

"दुप्पट कसा?" सुरुचीने विचारलं. "थर्मामीटरवरचं शून्य सोयीसाठी ठरवलेलं असतं, तिथे गरमपणा संपत नाही. तीस अंशांनी जास्त म्हणा. दुप्पट म्हणायचं ते उंचीला, वजनाला."

"असेल. पोह्यांना पाचपैकी एक. तरी बेरजेत तुम्हीच पहिल्या. आमचा होकार!"

श्रीधरपंत पेढे आणायला उठलेच. एवढं मीठ वाया गेलं कसं? सुरुचीने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. वय, उंची, पोहे, चहा, पत्रिका, आणि शेवटी चार लाख अकरा हजार तीस.

"हे काय?"

"पिनकोड."

"पिनकोड बेरजेत धरलात?"

"आकडा आहे ना! डेक्कनवाली तिथेच सव्वीस गुणांनी मागे पडली."

सुरुचीने त्याच्याकडे, नासलेल्या दुधाकडे बघावं तसं बघितलं. "अहो, पिनकोड म्हणजे नुसतं नाव. नॉमिनल म्हणतात त्याला. मोबाइल नंबर मोठा म्हणून माणूस मोठा होतो का? आणि पोह्यांचे गुण ऑर्डिनल. चारवाले दोनवाल्यांपेक्षा बरे एवढंच कळतं, किती बरे ते नाही. कशात काय मिळवताय? आमटीत चपला घालून ढवळल्यात!"

"पण एक्सेलने बेरीज दिली की," आमोद म्हणाला.

दारात उभ्या श्रीधरपंतांनी ते ऐकलं आणि पायातल्या चपला काढून ठेवल्या.

"आमोदराव," ते म्हणाले, "उरुळी कांचनचा पिनकोड चार लाख बारा हजार दोनशे दोन आहे. इथे कशाला वेळ घालवताय? तिथे हजारावर गुण जास्त मिळतील."

आमोदचा चेहरा उजळला. "थँक्यू काका!" म्हणत त्याने लॅपटॉप मिटला.

"अहो, होकार दिला होता ना त्याने?" सुरुचीची आई कळवळली.

"हा होकार? उद्या रेशन कार्डाचा नंबर मोठा निघाला तर तिकडे पळेल. सुरुची, उद्या जाऊन प्रवेश पक्का करून ये."

आमोद मात्र तसाच भर उन्हात बसने उरुळीला गेला, मुलगी बघायला.

बरं बरं, बस तेवढी पदरची. स्वतःच्या गाडीने गेला.