वर्गणीदारांपुरती अदलाबदल

शनिवार, दिनांक ७ जून २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता, इंदूर येथील सुदामानगरातल्या माझ्या घरी, मी एका टिपणावर सही केली. आणि त्या टिपणाने माझ्याकडे येणारी एकमेव पत्रे बंद झाली. सही करताना हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर सही केलीच नसती, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. टिपण निर्दोष होते, आणि निर्दोष मजकुराचा मोह मला पाटबंधारे खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीतही आवरता आला नाही.

विषय असा होता. टपालाच्या शिक्क्यांचा संग्रह करणाऱ्यांचे एक संकेतस्थळ आहे. तिकिटांचा संग्रह नव्हे. गावोगावचे पोस्ट त्या तिकिटावर जो गोल काळा शिक्का मारते, त्याचा. भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा देवांश पागे ते चालवतो. तेथे लेख आहेत, छायाचित्रे आहेत, कडाक्याची भांडणे आहेत; पण खरा जीव अदलाबदलीच्या विभागात. मला जोबटचा शिक्का हवा असेल आणि तुम्हाला महूचा, तर साइट आपल्याला एकमेकांच्या पत्त्याची छापील चिठ्ठी त्या एका व्यवहारापुरती देते, ती चिकटवून पाकिटे निघतात. पत्ता जवळ टिपून ठेवू नये, असा दंडक आहे. मी दंडक पाळतो.

गेल्या वर्षी काही जणांनी पाकिटे घेतली आणि उलट काही पाठवले नाही. शिवाय सर्व्हरचा खर्च वाढला. वाचन सर्वांना मोकळे ठेवावे आणि अदलाबदल फक्त वर्गणीदारांपुरती राखावी, असे देवांशने सुचवले. त्यावर सभासद पंधरा दिवस भांडले. शेवटी त्याचा फोन आला.

"काका, तुम्ही सगळ्यांत सीनियर. एक पक्की नोट बनवून द्या ना. या लोकांनी दिमाग का दही करून टाकलाय."

मी सात कलमांचे टिपण केले. अदलाबदल हा वाचकाचा हक्क नसून सभासदाची जबाबदारी आहे, आणि जबाबदारी घेणाऱ्याने आपली ओळख वर्गणीने पटवावी, हा त्याचा गाभा होता. देवांशच्या कच्च्या मसुद्यात एक ओळ होती: पाच वर्षांहून जुन्या सभासदांना वर्गणी माफ. ती मी खोडली आणि समासात लिहिले, 'अपवादाने आरंभ झालेला नियम टिकत नाही.' एकाने दुसऱ्याची वर्गणी भरू नये, हे सातवे कलम माझ्या पदरचे. खोट्या नावांना आळा बसावा म्हणून. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ते पाकीटबुडवे होते. दुसरे कोणीही नव्हते.

कुमुदिनी ढवळे यांच्याशी माझी अदलाबदल अकरा वर्षांची. त्या निवृत्त परिचारिका. एका धर्मादाय संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरांबरोबर धार-झाबुआकडची गावे फिरतात, आणि जिथे मुक्काम तिथल्या पोस्टातून पाकीट टाकतात. आत शिबिराच्या छापील अर्जाच्या पाठीवर लिहिलेले पत्र असे. 'बाग गावचे पोस्टमास्तर शिक्का मारताना डोळे मिटतात, म्हणून इथले वर्तुळ नेहमी कलते.' किंवा, 'तुमचे मागचे पत्र चारदा वाचले. त्यांतले तीनदा मुद्दा शोधायला.' मी मुद्द्यांना क्रमांक घालून उत्तर देत असे. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी शालिनी गेली. त्यानंतर वीजबिलाच्या तक्रारी सोडल्यास मी शाईने लिहिलेला प्रत्येक कागद कुमुदिनीबाईंना गेलेला आहे. आम्ही कधी भेटलो नव्हतो. फोनवरही बोललो नव्हतो.

१ जुलैला विभागाला कुलूप लागले. जुलैत पाकीट आले नाही. आल्या असतील कामात, असे मी ठरवले. ऑगस्टमध्ये दुपारी पोस्टमनच्या वेळेला मी गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागलो; तो खालच्या घराला बँकेचे पत्र देई, वर न पाहता सायकल वळवी. साइटवर त्यांच्या नावापुढे 'वाचक' असा शब्द आला होता, आणि वाचकाला निरोप धाडण्याची सोय माझ्याच तिसऱ्या कलमाने काढून टाकली होती.

पत्ता शोधावा म्हटले, तर तोही नव्हता. आमच्या छंदात शिक्का जतन करण्याची एक शिस्त आहे: तिकिटासह शिक्क्याचा चार इंच लांब, दोन इंच रुंद तुकडा पट्टी लावून कापायचा आणि उरलेले पाकीट टाकून द्यायचे. पाठवणाऱ्याचे नाव-गाव पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात असते. अकरा वर्षे, पाकीट आले त्याच दिवशी, मी तो कोपरा कापून सुक्या कचऱ्यात टाकत आलो. माझ्याकडे त्यांचे एकशे सव्वीस शिक्के आहेत, कडा सरळ, एकही रेघ वाकडी नाही. त्यांतला एकही त्या कोठे राहतात हे सांगत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या वर्गांच्या मधल्या सुट्टीत, मी भंवरकुआंला देवांशकडे गेलो आणि कुमुदिनीबाईंचा फोन नंबर मागितला.

"नंबर नाही देऊ शकत काका," देवांश फळा पुसत म्हणाला. "प्रायव्हसीचा मामला आहे."

"मी चोर नव्हे."

"चोर कोण म्हणतंय भिया! पण वाचकाशी संपर्क नाही, हे कलम तुमचंच आहे." तो हसला, मग माझ्याकडे पाहून त्याने डस्टर खाली ठेवले.

"त्यांची वर्गणी मी भरतो."

"सातवं कलम, काका."

मी बाकावर बसलो. बाक पोरांच्या मापाचा होता. गुडघे वर आले. देवांशने खिशातून मोबाइल काढला. "मी लावतो फोन. त्या हो बोलल्या तरच तुम्हाला देतो. ठीक?"

तो खिडकीशी जाऊन बोलला आणि परत येऊन त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

"कोण, मतकर? अगबाई! मला वाटलं होतं आवाज जाड असेल. अक्षर तर चांगलं पहिलवानी आहे."

"कुमुदिनीबाई, आपले तीन महिने पत्र नाही. प्रकृती—"

"ठणठणीत. काल पेटलावदला एकशे दहा डोळे तपासले."

"म्हणजे पंचावन्न माणसे."

"छप्पन्न. दोघांना एकेकच डोळा होता. चुकलात."

मला हसू आले. या स्वराला मी अकरा वर्षे ओळखत होतो, फक्त ऐकला आज. त्या आनंदात मी लगेच बोलून गेलो, "वर्गणीची अडचण असल्यास कृपया संकोच करू नये. ती मी—"



"मला पेन्शन आहे, मतकरसाहेब. वर्गणीपेक्षा जास्त पैसे माझे तिकिटांना जातात."

"मग?"

"तुमचं टिपण वाचलं मी. सर्व्हरचे मागा, देते. लेख वाचायचे मागा, तेही देते. पण पाकीट माझं, तिकीट माझं, उन्हात पोस्टाच्या रांगेत उभी मी; आणि तुम्हाला पाठवायला मी परवाना काढायचा? त्यात साइटचं काय आहे?"

"पत्त्यांची सुरक्षितता. आणि फसवणुकीस आळा—"

"अकरा वर्षांत कधी फसवलं तुम्हाला?"

"नाही."

"जुन्यांना सूट का नाही ठेवली मग?"

त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता; देवांश खिडकीबाहेर पाहू लागला. ती ओळ कोणी खोडली, हे त्याने त्यांना सांगितलेले नसावे. सांगितले असते तरी त्याचा दोष नव्हता.

"सूट होती," मी म्हणालो. "ती ओळ मी खोडली."

"तुम्ही?"

"मी."

मुले वर्गात परतू लागली. बाक सरकवल्याचे आवाज येत होते, म्हणून मी मोबाइल कानाशी घट्ट धरला. अपवादाविरुद्धचा माझा युक्तिवाद मला शब्दशः आठवत होता, आणि त्यात आजही चूक सापडत नव्हती. तो मी बोललो नाही. त्याऐवजी, सत्तर वर्षांच्या आयुष्यात प्रथमच, मी स्वतः केलेल्या नियमाविरुद्ध विनंती केली.

"आपला पत्ता मला द्याल? साइटच्या बाहेर. मी लिहीन. आपण उत्तर पाठवलेच पाहिजे असे नाही."

"ती ओळ खोडताना मी आठवले का तुम्हाला?"

खोटे बोलणे सोपे होते. "नाही," मी म्हणालो.

 पलीकडे कोणीतरी त्यांना 'सिस्टर' म्हणून हाक मारत होते.

"खरं बोललात, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण पत्ता मी देणार नाही."