किल्ली आत राहिली

तुम्ही कधी गाडीचं दार लावून चार पावलं गेल्यावर मागे वळून, पुन्हा मूठ ओढून पाहिली आहे का? पाहिली असेल, तर आमच्या दिनानाथरावांची धास्ती तुम्हाला कळेल.

मी त्यांच्या फियाटच्या दाराची किल्ली बोलतेय. स्टार्टरची किल्ली माझी जोडीदारीण, दोघी एकाच कडीत. अंबरनाथच्या एका डॉक्टरांकडून शहाऐंशी साली दिनानाथरावांनी ही गाडी जुनी घेतली, तेव्हाच माझे दात झिजले होते. कुलूपही थकलेलं. पण बदलापुरात त्यांच्या बिल्डिंगखाली तेवढी एकच गाडी. काच फोडून कोणी आत हात घालेल, या भीतीने त्यांनी मागच्या दारांच्या आतल्या मुठी आणि काच खाली करायचे दांडेसुद्धा काढून ठेवले. रोज मला फिरवायचं, दार ओढायचं, पुन्हा फिरवायचं. फार दमायला व्हायचं हो.

एका मे महिन्यात मुलीच्या, उमाच्या लग्नाचा बस्ता काढायला सगळे उल्हासनगरला आले. दिनानाथरावांची आई, माई, मागे बसली होती.

"माझे गुडघे दुकानाचा जिना चढायचे नाहीत. मी बसते इथेच," ती म्हणाली.

दिनानाथरावांनी सवयीने पुढच्या काचा वर केल्या, त्या दिवशी घाईत मला न काढताच आतले खटके दाबले, दार आपटलं आणि ओढून पाहिलं. आम्ही दोघी स्टार्टरला लटकतच राहिलो.

आधी माईने पदराने वारा घेतला. मग काचेवर बांगड्या आपटल्या. पुढच्या दाराकडे वाकून पाहिलं, पण हात पोचेना. तिला धाप लागली. मी तिच्या डोळ्यांसमोर होते आणि काडीच्याही उपयोगाची नव्हते.

शेजारच्या दुकानातला सिंधी शेठ ओरडला, "ओ साहब! अम्माजी अंदर घबरा रही हैं!"

दिनानाथराव धावत आले. खिसे चाचपले. काचेतून मी दिसले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"शीशा तोडो, साहब!"

"थांबा, किल्लीवाल्याला आणतो..."

"किल्लीवाला कसला आणताय? बाजूला व्हा!" दिनानाथरावांच्या पत्नी, मालिनीवहिनी, पुढे आल्या. पर्समधून घरच्या कपाटाची किल्ली काढली, कुलपात घातली, जरा हलवली. दार उघडलं.

"ही लागते? तुला कसं माहीत?"

"तुम्ही किल्ली खिशात घालून कामाला जाता, तेव्हा गाडीत राहिलेली छत्री मी कशी काढते?"

माईला दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. घोटभर पिऊन ती लेकाकडे बघत राहिली.

"दिना, चोराला कोंडायचं सोडून आईला कोंडलंस रे!"

लोक हसले. उमा मात्र आजीचा हात धरून रडत होती. दिनानाथरावांनी घरी पोचेपर्यंत पुढच्या दोन्ही काचा खाली ठेवल्या. मला वाटलं, आता यांची भीती गेली असेल.

मला त्या कपाटाच्या किल्लीचा राग नाही. माझं काम तिने केलं, माई वाचली. आता मी जुन्या खिळ्यांच्या डब्यात पडून असते. दार ओढून पाहायच्या आधी आत कोण बसलंय ते पाहा, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानाथरावांनी चारही दारांना नवी कुलपं बसवून घेतली, आणि माई रिक्षाने देवळात गेली.