लग्न जुळवणारीचे जोडे

“आधी बाटली बघू, मग जोडे,” होऊताई म्हणाल्या आणि आम्ही दिलेला खोका त्यांनी स्टुलाखाली सरकवला.

लग्न जुळवणाऱ्या बाईच्या पायांतली जोडी हेलपाट्यांनी झिजते, म्हणून लग्नानंतर नवरा-बायकोनं तिला नवे जोडे द्यायचे, ही आमच्याकडची रीत. मी भट्टीवर, माझी बायको यानमेई तपासणीत, दोघंही मुखदुर्बळ. ताईंनी पुढाकार घेतला नसता तर अजून एकमेकांना चोरून बघत बसलो असतो. प्रयोगशाळेतल्या कितीतरी जणांचं त्यांनी असंच जमवलं, स्वतः मात्र बिनलग्नाच्या राहिल्या. आमच्या चिनी भाषेत उत्प्रेरकाला एक जुना शब्द आहे, त्यात लग्न जुळवणारीचं अक्षर येतं. ताई तोच वापरत.

“पुस्तकं म्हणतात, ही बया दुसऱ्यांचं जमवते आणि स्वतः होती तशीच राहते,” त्या हसायच्या. “लिहिणाऱ्यानं कधी भट्टी उघडून बघितलेली दिसत नाही!”

त्यांची बया म्हणजे जस्त मिसळलेलं झिओलाइट, बारीक भोकांचं एक खनिज. कोळशापासून केलेल्या मिथेनॉलचं ती बेंझिन-टोल्यूइनसारखं तेल करायची. पण करता करता तिच्या भोकांत काजळी साचे. ती जाळून काढावी लागे, आणि दर वेळी थोडं जस्तही उडून जाई. प्रयोगशाळेचे प्रमुख पेईसाहेब यांनी बजावलं होतं, या जाळण्यानंतर तेल पूर्वीइतकं आलं तर हा उत्प्रेरक कारखान्यात जाईल, नाहीतर काम बंद. ताईंची उमेदीची सगळी वर्षं त्या कामात गेली होती.

भट्टीखालची बाटली भरली. एरवी तेलाबरोबर निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा बोटभर थर यायचा. आज नुसता तवंग होता, शेवयांच्या रश्श्यावर असतो तेवढा.

“अजून थोडा वेळ चालवू या ना, ताई,” मी म्हणालो.

“कशाला? दमलीय रे ती.”

यानमेईला रडू फुटलं.

“अगं वेडे, सासरी जाताना रडली नाहीस ती आत्ता रडतेस?” म्हणत ताईंनी खोका ओढला आणि काळे कापडी जोडे पायांत चढवले.

“घट्ट होत नाहीत ना?” यानमेईनं डोळे पुसत विचारलं.

“छे गं. माझ्यासाठीच शिवल्यासारखे बसलेत.”

मिथेनॉलचा नळ बंद करायला मी पुढे झालो, तर त्यांनी हातानं अडवलं.

“थांब. हिची पाठवणी मी करते.”

नवे जोडे घालून त्या नळापर्यंत गेल्या आणि सावकाश त्यांनी तो बंद केला.