तो, ती की ते जनावर

धाकट्या मुलीने मार्चमध्ये चारचौघांत सांगितलं, "मी जन्मात लग्न करणार नाही," आणि जूनमध्ये केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो आणि सिनेमात पहिल्यांदाच माणसासारखा बोलणार होतो.

त्याआधीची चाळीस वर्षं मी जनावरांचे आवाज काढले. अस्वल, उंट, दम लागलेला घोडा, घोरणारा राक्षस. एकदा तर उकळतं पातेलं झालो. शब्द मात्र एकही नाही. संवाद कागदावरून वाचायचे असतात आणि मी पक्का अक्षरशत्रू. स्टुडिओत सगळे मला अस्वलकाका म्हणत. त्याचं मला काही वाटत नसे. वाटायचं ते ताईमुळे. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनेच मला वाढवलं. माझा एकूण एक सिनेमा ती बघायची आणि बाहेर आल्यावर विचारायची, "ह्यात तू कुठला?"

"ते गाढव आजारी पडलं ना, ते मी."

"छान आजारी पडलास. पण अरे, मी डोळे मिटायच्या आत तोंडातून एक शब्द तरी काढ. माझा भाऊ रेकतो, हे मी लोकांना किती वर्षं सांगू?"

ताईला तेव्हा चौऱ्याऐंशी चालू होतं. डोळ्यांना अंधुक दिसायचं. कान शाबूत, आणि जीभ कानांहून शाबूत.

तिच्या ह्या टोमण्यापायीच मी सहासष्टाव्या वर्षी पाटी घेऊन सुनेसमोर बसलो. सून शाळेत शिकवते. "बाबा, 'क्ष'ला घाबरू नका, तो चावत नाही," असं म्हणत तिने मला दीड वर्षात औषधाच्या बाटलीपासून वर्तमानपत्रापर्यंत आणलं. आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा आला.

चार देशांनी मिळून लहान मुलांसाठी काढलेला मोठा खटाटोप होता तो. एका देशाने जनावराचं डोकं केलं, दुसऱ्याने शेपूट, तिसऱ्याने समुद्र दिला, चौथ्याने मुलगी दिली. ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सोयरीकच की!"

गोष्ट अशी. एका मुलीचा भाऊ समुद्राखालच्या राज्यात वाहून जातो. त्याला शोधत ती एका गुहेपाशी येते. आत डोंगराएवढं, केसाळ, पंखांचं जनावर. खालची वाट फक्त त्याला ठाऊक, पण ते जागचं हलत नाही. गावातले सगळे म्हणतात, खजिन्यावर बसलंय. त्या जनावराची सत्तावन्न वाक्यं होती. आपल्या भाषेतले आवाज बसवणाऱ्या दिग्दर्शिका बाई मला म्हणाल्या, "काका, जनावर तुम्हाला सगळं येतं. आता त्यात फक्त शब्द घाला."

मी घातले. चष्मा लावून, बोट कागदावर ठेवून, कंजूष सावकाराच्या थाटात गुरगुरलो, "दूर हो! मी शंभर वर्षं इथे बसलो आहे!" नऊ दिवसांत सत्तावन्न वाक्यं झाली. घरी जाऊन ताईला म्हटलं, "आता तिकीट काढून ठेव."

सिनेमाचा शेवट मात्र आमच्याकडे आलेला नव्हता. रहस्य फुटू नये म्हणून चारही देशांनी तो कुलुपात ठेवला होता. तो दहाव्या दिवशी आला. बाई, भाषांतर करणारे मास्तर आणि मी बघायला बसलो. पडद्यावर जनावर हळूच पोट उचलतं. खाली खजिना नाही, अंडं. अंडं तडकतं, आतून पिल्लू बाहेर येतं आणि शिंकतं.

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे.

"मास्तर, हे जनावर तो आहे की ती?"

"अहो, मूळ भाषेत कळतच नाही! मी येतो, मी येते, त्यांच्याकडे दोन्ही एकच."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे खुर्चीसुद्धा बाई असते हो," मास्तर कळवळून म्हणाले.

"जनावर 'ते' असतं की," मी सुचवलं. "मी शंभर वर्षं इथे बसलं आहे, असं म्हटलं तर?"

"काका, बोबडं वाटेल."

मग बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच मला कळलं. "तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण आईला बाईचाच आवाज लागणार. मी दुसरी कलाकार बोलावते. शेवटी पिल्लू शिंकतं ना, ते तुम्ही करा."

चाळीस वर्षांनी शब्द मिळाले होते, आणि मी परत शिंकेवर आलो. ताईला काय तोंड दाखवणार? मी म्हटलं, "बाई, एक संधी द्या." त्यांनी सोमवारी सकाळचा एक तास दिला.

मास्तरांना अपराधी वाटत होतं. त्यांनी शनिवारी घरी येऊन मला नवी वाक्यं लिहून दिली. तो नाही, ती नाही, कुणाला पत्ताच लागू नये अशी. मी मोठ्याने वाचली, "माझं शंभर वर्षं इथे बसणं झालेलं आहे. माझ्याकडून उठणं होणार नाही."

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, हे जनावर आहे की सरकारी नोटीस?"

मास्तर गेल्यावर मी आवाज बारीक करून बघितला. "मी बसले आहे." जनावराचा पाय दारात चेंगरल्यासारखं वाटलं. शेवटी ताईच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. बारीक आवाजही करून दाखवला. ती इतकी हसली की कवळी काढून वाटीत ठेवावी लागली.

"हस," मी म्हटलं. "सोमवारी माझे शब्द जाणार, आणि तू हस."

तिने कवळी परत बसवली. "नरडं कशाला पिळतोस? आत्या आठवते का?"

न आठवायला काय झालं! वडिलांची बहीण. तिने दारातून हाक मारली की तिसऱ्या गल्लीतली माणसं ताठ व्हायची. टेलिफोनवर लोक तिला "बोला साहेब" म्हणायचे.

"ती कधी बारीक आवाजात बोलली होती? म्हणून काय बाई नव्हती? पाच पोरं झाली तिला. तू तापाने फणफणलास तेव्हा उशाशी बसून रात्रभर बोलत होती, तो आवाज कसा होता?"

"जड. पण सावकाश."

"मग तसं बोल. आणि ते जनावर कंजूष नाही रे. अंड्यावर बसलंय. घाबरलंय ते."

सोमवारी मी माईकसमोर उभा राहिलो. नरडं तेच ठेवलं. सावकार घालवला आणि आत्याला बोलावलं. "दूर हो, पोरी. मी शंभर वर्षं इथे बसले आहे." काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक दर वाक्याला "पुन्हा" म्हणणारा माणूस, त्याने अंगठा वर केला. मग कानात बाईंचा आवाज आला.

"काका, ही कोण?"

"माझी आत्या."

"मग आत्यांनाच ठेवू. राहिलेली छप्पन्न म्हणा."

चार दिवस तेच काम चाललं. पाचव्या दिवशी घरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जेवायला बसते."

सुनेने ताट मांडलं. "या, सासूबाई."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. सगळं थिएटर पोरांनी भरलेलं. ताईच्या पलीकडे दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती, तिला गप्प बसवेना. गुहा आली, जनावराने डोळे उघडले आणि ते बोलायला लागलं. ताईने माझं मनगट धरलं.

"आजी, ही वाईट आहे का?" मुलीने विचारलं.

"गप. माझा भाऊ बोलतोय."

मुलगी पडद्याकडे बघत राहिली, मग ताईकडे वळली. "पण ही तर बाई आहे."

"असू दे. तो माझाच भाऊ आहे. नीट ऐक, एकेक शब्द कसा स्पष्ट म्हणतोय."

सत्तावन्नच्या सत्तावन्न वाक्यं होईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

ताई त्यानंतर दोन वर्षांनी, अकरा नोव्हेंबरला, सकाळी साडेसहाला गेली. शहाऐंशी वर्षांची होती.