आधी मेमो मागे घ्या

पुरस्काराची बातमी इंदिरा भोयरला सगळ्यांच्या शेवटी कळली. ती पाचवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होती, तेवढ्यात शाळेचा कारकून मुकेश दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, अध्यक्षायनं बोलावलं. तुमाले बाहेरदेशातला पुरस्कार भेटून राह्यला म्हणे. फुडच्या शनिवारी सत्कार हाये, बॅनरबी छापाले गेलं."

इंदिराला वाटलं, हा अर्धवट ऐकून आला. पण संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत टेबलावर खरोखरच ईमेलची छापील प्रत होती. आयर्लंडमधलं एक विद्यापीठ दरवर्षी जगभरातून चार माणसं निवडायचं. हाती आलेला अधिकार, मग तो केवढासाही असो, ज्यांनी नीतीनं वापरला आणि त्याची झळ सोसली, अशी माणसं. यंदाच्या यादीत एक बंदरावरचा तपासनीस होता, एक खाणकामगारांची पुढारी होती, एक न्यायाधीश होते आणि चौथी तळेगावची, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावची, गणिताची मास्तरीण. नाव एका माजी विद्यार्थिनीनं सुचवलं होतं. अंतिम घोषणेआधी शाळेनं घटनेला दुजोरा द्यावा, एवढीच विनंती होती.

घटना सहा वर्षांपूर्वीची. दहावीच्या परीक्षेला इंदिरा केंद्रसंचालक होती. या केंद्रावर गणिताच्या पेपरला खिडकीतून चिठ्ठ्या येणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की पर्यवेक्षक खिडकीकडे पाठ करूनच उभे राहायचे. इंदिरानं पेपरच्या आदल्या दिवशी फाटक्या जाळ्या बदलून घेतल्या, खिडक्यांजवळची बाकं आत ओढली आणि स्वतः वर्गावर्गातून फिरत राहिली. अकरा मुलं पकडली. नियमाप्रमाणे अकराही जणांचा अहवाल वर पाठवला. पंच्याण्णव टक्क्यांवर असलेला शाळेचा निकाल एकेचाळीसवर आला.

पालक शाळेवर चालून आले. कुणीतरी तिच्या स्कूटीची सीट ब्लेडनं फाडली. संस्थेनं मेमो दिला, 'संस्थेची बदनामी केल्याबद्दल सक्त ताकीद', आणि दहावीचं गणित काढून घेऊन तिला पाचवीवर टाकलं. ती वरिष्ठांकडे अर्ज करत राहिली, उत्तर आलं नाही. त्या अकरा मुलांना मात्र तिनं जुलैच्या फेरपरीक्षेसाठी रोज सकाळी घरच्या ओसरीत शिकवलं. नऊ पास झाली.

"या मॅडम, बसा," अध्यक्ष अण्णाजी म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच बसा म्हटलं होतं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "आपल्याले पत्र पाठवाचं हाये. तुमीबी सई करा, म्हणजे काम पक्कं."

इंदिरानं वाचलं. 'संस्थेच्या मार्गदर्शनाखाली व भक्कम पाठिंब्याने श्रीमती भोयर यांनी कॉपीमुक्त परीक्षा पार पाडली...'

"अण्णाजी, पाठिंबा कोणता?"

"आता ते जुनं काऊन उकरता? जूनपासून तुमाले दहावी देतो. आन् तो मेमो फाडून टाकतो, तुमच्यासमोर. बात खतम."

इंदिराला क्षणभर मोह झाला. दहावीचा वर्ग! फळ्यावर भूमितीची आकृती काढून सहा वर्षं झाली होती. पण तिनं कागद होता तिथं परत ठेवला.

"फाडू नका. मागे घ्या. फाडला तर तो कधी दिलाच नव्हता असं होईल. दिला होता, चुकीचा दिला होता, असं लिहून मागे घ्या. मग तुम्ही म्हणाल त्या पत्रावर नाही, पण खऱ्या पत्रावर सही करते."

अण्णाजींचा चेहरा बदलला. "संस्थेनं चूक कबूल कराची? एका मास्तरणीपुढं? मॅडम, सई नाई केली तर मी कळवतो का इथं असं काही घडलंच नाई. मग पाहा तुमचा पुरस्कार."

"कळवा," इंदिरा म्हणाली आणि वर्गावर गेली.

घरी नवऱ्यानं, देवेंद्रनं, सगळं ऐकून घेतलं. तो पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. परीक्षेच्या त्या वर्षी चहाच्या टपरीवर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले होते, लग्नांची आमंत्रणं बंद झाली होती. त्यानं कधी तक्रार केली नव्हती, म्हणूनच आज त्याचं बोलणं तिला जास्त लागलं.

"करून टाक सई," तो म्हणाला. "सहा वर्षं लढली, आता सुखानं दहावी शिकव. कोणाले काय फरक पडते, पाठिंबा होता का नव्हता?"

"मले पडते."

तो दूरदर्शनचा आवाज वाढवून बसला.

रविवारी इंदिरा सावंगीला गेली. नाव कुणी सुचवलं, हे तिनं ओळखलं होतं. रोशनी कांबडी तिथं नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पकडलेल्या अकरा मुलांतली एक. तिच्या ओढणीच्या गाठीतून चिठ्ठी काढताना इंदिराला सगळ्यात जड गेलं होतं, कारण वर्गातली ती हुशार पोर होती.

वसतिगृहाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या.

"तू काऊन केलं हे?" इंदिरानं विचारलं.

"मले तवा तुमचा लय राग आलता," रोशनी म्हणाली. "बाबानं मारलं, मामानं लग्न ठरवाले घेतलं. अजूनबी थोडा राग हाये, खोटं नाई सांगत. पण मॅडम, इथं पह्यल्यांदा वॉर्डात औषधाचा डोस काढाले सांगितला, आन् मले तो काढता आला. कागदाच्या चिठ्ठीवाचून. त्या दिवशीच ठरवलं, कुठंतरी तुमचं नाव लिहाचं."

इंदिरानं अण्णाजींचं बोलणं सांगितलं. रोशनी म्हणाली, "मग मी लिहितो विद्यापीठाले. मले कॉपी करताना पकडलं होतं, तारीख अमुक, पेपर गणिताचा."

"नको. तुझी नोकरी लागायची आहे. असलं काही लिहून ठेवू नकोस."

"तुमाले कोण विचारून राह्यलं जी?" रोशनी ताडकन म्हणाली. "चिठ्ठी माही होती. सांगाचं का नाई, ते मी ठरवीन."

परतीच्या बसमध्ये ते आठवून इंदिराला हसू आलं.

संस्थेनं सत्कार रद्द केला नाही. बॅनर लागलं होतं, आमदारांना निमंत्रण गेलं होतं. ऐनवेळी माघार घेतली तर अण्णाजींची शोभा झाली असती. स्टेजवर गेल्यावर बाई मुकाट्यानं शाल घेतील, असा त्यांचा हिशेब असावा. शनिवारी सकाळी पटांगण भरलं. अण्णाजींनी अर्धा तास संस्थेच्या पाठिंब्यावर भाषण केलं. मग शाल उलगडली.

"आधी मला दोन मिनिटं बोलू द्या," म्हणत इंदिरानं माईक हातात घेतला आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. तिनं जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, आणि 'संस्थेची बदनामी' पासून 'सक्त ताकीद' पर्यंत सगळा मेमो वाचला. खालच्या सहीचं नावसुद्धा.

"हा मेमो आजही लागू आहे," ती म्हणाली. "म्हणजे संस्थेच्या लेखी मी आजही दोषी आहे. दोषी माणसाला शाल कशी देता येईल? आधी मेमो मागे घ्या. मग शाल घ्यायला मी स्वतः चालत येईन."

तिनं माईक जागेवर ठेवला, स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि पाचवीच्या पोरांना घेऊन वर्गात गेली. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघा-चौघांनी. काही जण उठून चालूही लागले. एक बाप ओरडला, "मस्ती आली हिले!" ते तिनं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

अण्णाजींनी बोलल्याप्रमाणे विद्यापीठाला कळवलं, की असं काही घडलेलं नाही. पण त्याआधीच तिथं रोशनीचं पत्र पोचलं होतं, आणि अकरांपैकी तिनं गाठलेल्या आणखी सात जणांचीही पत्रं पोचली होती. आठही जणांनी आपापल्या नावानिशी लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात घोषणा झाली. चौथं नाव तेच राहिलं.

मेमो मागे घेतला गेला नाही. जूनमध्ये इंदिराला पाचवीच मिळाली. वर दुसरा मेमो आला, 'कार्यालयीन पत्र जाहीर वाचून दाखवल्याबद्दल' सात दिवसांत खुलासा करावा.

तिनं संध्याकाळी खुलासा लिहिला. 'पत्र मी वाचले, हे खरे आहे. पुन्हा वाचावे लागले तर पुन्हा वाचीन.' खाली सवयीनं 'आपली नम्र' लिहून सही केली आणि कागद देवेंद्रपुढे धरला. तो नेहमी तिची पत्रं शुद्धलेखनासाठी बघायचा.

त्यानं दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढलं आणि 'नम्र' हा शब्द खोडून टाकला.

"एवढं काऊन?" तो म्हणाला. "आता साफ लिहून काढ. उद्या मी सोताच नेऊन देतो, पोच घेऊन."