म्बारकाआजीच्या बारा ओळी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि एक नवी बाई आहे. साठ वर्षं पाटाच्या कडेला पडून होते, आता गावच्या चौकात उभी आहे. काळी कुळकुळीत, तोंड उघडं, अंगावर शाल आणि शालीवर उत्तर आफ्रिकेतल्या आमच्या अमाझिग लोकांच्या लिपीत कोरलेल्या बारा ओळी. सांगायची मला इतकी घाई झाली आहे की कुठून सुरू करावं तेच सुचत नाही.

पाटावर बायका माझ्यावर कपडे आपटायच्या. त्यातली म्बारका आपटता आपटता कवनं रचायची. पण चौकात गायचं गोऱ्या घरांनी आणि डफ वाजवायचा आमच्या काळ्या घरांनी, अशी रीत. पहिली ओळ जो उचलेल, कवन त्याचं. म्हणजे म्बारकाच्या वाट्याला आयुष्यभर डफच आला. एकदा एक पाहुणा तिची कवनं वहीत उतरवून घेऊन गेला, तीसुद्धा गाणाऱ्यांच्या नावावर. मला फार राग आला होता, पण दगडाचा राग कोणाला दिसतो?

म्हणून तिची नात तुदा शहरातून मूर्तिकाम शिकून परतली, तेव्हा आजीनं तिला बजावलं, “कागदावर एक अक्षर लिहायचं नाही. कागदाला पाय फुटतात. दगड कुठं जातोय?”

तुदानं मलाच निवडलं. आजी शेजारी बसून सांगायची आणि छिन्नी चालायची. आजीला विसर पडू लागला होता. अडली की ती माझ्यावर बोटांनी ठेका धरायची आणि ओळ परत यायची. एक शहरी माणूस बघायला आला आणि म्हणाला, “आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या? अमाझिग तर गोरे असतात ना?”

“मूळची मी त्या विहिरीपलीकडची,” आजी म्हणाली. “लग्न करून अलीकडं आले. लांबचा प्रवास झाला बाबा.”

यंदाच्या जत्रेत पहिली ओळ म्बारका उचलणार, हे तुदानं गावाशी भांडून मिळवलं. आजी विसरली, तर तुदा माझ्यावरून वाचून सांगणार होती. दुसरीकडे त्या ओळी कुठंच नव्हत्या.

आणि जत्रेच्या दुपारी घोटाळा झाला. जत्रेआधी चौकातल्या प्रत्येक भिंतीला, ओट्याला चुना लागतो. गाणाऱ्यांचे म्होरके दा बिही कुंचला घेऊन आले आणि त्यांनी मलाही डोक्यापासून पायापर्यंत चुना फासला.

तुदा धावत आली. “दा बिही, हे काय केलंत?”

“अगं, पाहुणे येणार. जत्रेत हिला तशीच ठेवायची? बघ, कशी उजळली.”

तेवढ्यात माणसं जमली, गाण्याच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. आजी पुढे झाली, तोंड उघडलं, आणि ओळ आली नाही. तुदा माझ्याकडे बघते तर सगळं पांढरं. कोणीतरी हसलं. समोरच्या रांगेत एकीनं गाण्यासाठी श्वास घेतला. मित्रांनो, तिनं ओळ उचलली असती, तर कवन तिचं झालं असतं.

मग आजीनं आपली शाल चौकाकडेच्या पाटात बुचकळली आणि माझं तोंड पुसलं. चुना अजून ओला होता. गाल निघाले, खांदे निघाले, कोरलेली शाल निघाली. वरचा चुना गेला, पण कोरलेल्या अक्षरांत बसलेला तिथंच राहिला. काळ्या अंगावर बारा पांढऱ्या ओळी, अगदी शेवटच्या माणसालाही दिसतील अशा. तुदानं कानात पहिला शब्द सांगितला आणि आजीनं ओळ उचलली:

“खजुराच्या खोडाला कोणी विचारत नाही, तू काळं का;
फळ गोड लागलं की सगळे म्हणतात, झाड आमचंच.”

आता रीतीप्रमाणे समोरच्या रांगेनं तीच ओळ परत म्हणायची होती, पण ठेका धरायला कोणी नव्हतं; डफवाल्या बायका आज आजीमागे गायला उभ्या होत्या आणि डफ जमिनीवर पडले होते. दा बिहींनी कुंचला खाली ठेवला. चुन्यानं भरलेले हात सदऱ्याला पुसले आणि म्हणाले, “द्या इकडं एक. आज मी वाजवतो.”

ठेका दोनदा चुकला. आजी म्हणाली, “बिही, घाई नको. शिकशील.”

म्बारकाआजी आता नाही. दर जत्रेला दा बिही स्वतः माझ्या अक्षरांत चुना भरतात आणि अंग लख्ख काळं पुसून घेतात. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर अशीच घ्या, मला उजळवू नका. आणि ओळी पाठ करा. तुदानं माझं तोंड उघडं कोरलं आहे, पण पहिली ओळ मला उचलता येत नाही. ती तुम्ही उचला, आणि उचलताना म्बारकाचं नाव घ्या.