सुटे सूर

भीमगीतांच्या गायन पार्टीत मी संतूर वाजवायचो. ओतूरमध्ये मला अजून मास्तर म्हणतात ते त्यामुळेच. पुढे पार्टीत कीबोर्ड आला, त्यात संतूरचं बटण होतं, आणि मास्तर घरी बसले. दोन वर्षांनी बायको गेली. त्यानंतर संतूर ऐकायला घरात मी एकटाच.

म्हणून २००४ साली पुण्याहून कल्याणी नावाच्या पोरीचं पत्र आलं तेव्हा मी हरखलो. ती कॉम्प्युटरवरच्या एका भुताच्या गेमला संगीत देत होती आणि तिला खरा संतूर हवा होता. त्या दिवशी शंभरच्या शंभर तारा पहाटेपासून जुळवून बसलो. ती आली, मायक्रोफोन लावला. मी विचारलं, "काय ऐकवू? यमन?"

"यमन नको काका. एकेक सूर सुटा द्या. हळू, मध्यम, जोरात. आणि विरेपर्यंत गप्प बसायचं."

म्हणजे पंगतीला बसवून एकेक शीत वाढायचं! पण दिले. दोन दिवस दिले. पंखा बंद, कोंबड्या डालग्याखाली, एसटीचा हॉर्न वाजला की तोच सूर पुन्हा. माझा प्रत्येक सूर ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायची. एवढं कान देऊन मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दुपारी मी थापलेल्या भाकरी तिने आवडीने खाल्ल्या. बायको गेल्यापासून तेवढेच दोन दिवस बरे गेले.

सात महिन्यांनी तिने गेमची सीडी पाठवली. जीपने नारायणगाव गाठून सायबर कॅफेत लावून घेतली. अंधारा बंगला, आणि मागून कुणी यायला लागलं की माझा संतूर. ते सुटे सूर जोडून मी कधीच न वाजवलेलं काहीतरी माझ्याच हातांनी वाजत होतं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

परत आल्यावर अंकितशेठच्या दुकानातल्या फोनच्या डब्यात रुपया टाकून तिला फोन लावला.

"पोरी, एक तार उतरली व्हती त्या दिशी. लई वंगाळ लागतंय. परत येऊन घेऊन जा."

साफ खोटं. माझी तार कधी उतरलेली नसते. पण तिला बोलवायला दुसरं निमित्त सुचलं नाही.

ती हसली. "असू द्या काका. भीती वाटायला उतरलेलीच बरी. मी तर कॉम्प्युटरवर सगळ्याच थोड्या उतरवून घेतल्यात. आता तुम्हाला त्रास नाही. पुढच्या गेमलाही पुरेल एवढं तुमचं आहे माझ्याकडे."

मी डब्यात आणखी एक रुपया टाकला.

"तारांचं जाऊ दे," मी म्हणालो. "नुसती ये. भाकर खाऊन जा."

तिकडे तिला कुणीतरी हाक मारली. "काका, याच नंबरवर करते हं," म्हणत तिने फोन ठेवला.

मी बाकड्यावर बसलो. अर्ध्या तासाने अंकितशेठ म्हणाला, "मास्तर, या डब्यावर बाहेरून फोन येत नाय."

"ठावं हाय," मी म्हणालो, आणि दुकान बंद होईपर्यंत बसून राहिलो.